आयर्लंडचे १९ वे शतक: क्रांतिकारक प्रजासत्ताकवादाचा अभ्यास कुठून आणि कसा सुरू करावा

या विषयात नव्याने शिरणारा वाचक बहुतेक वेळा उठावांच्या सनावळीपासून सुरुवात करतो: १७९८, १८०३, १८४८, १८६७. सनावळी बरोबर आहे, पण तिच्यातून विषय हाती लागत नाही. १८०३ चा उठाव एका संध्याकाळी आटोपला, १८४८ चा एका घराभोवती काही तासांत संपला आणि १८६७ चा जवळपास एका रात्रीत. एवढ्याशा घटनांमुळे ब्रिटिश सरकार शतकभर धास्तावलेले राहिले. त्याचे कारण उठावांच्या मधल्या दहा-वीस वर्षांत शोधावे लागते. शपथा, वर्गण्या, वृत्तपत्रे, अंत्ययात्रा, तुरुंग आणि अमेरिकेतून येणारा पैसा हा या विषयाचा खरा ऐवज आहे, आणि खालच्या पायऱ्या तो डोळ्यांसमोर ठेवून लावल्या आहेत.

आधीची तयारी

आयर्लंडचा एक मोठा नकाशा घ्या. त्यावर अल्स्टर, लीन्स्टर, मन्स्टर आणि कॉनॉट हे चार प्रांत दिसले पाहिजेत. मग एका वहीत प्रत्येक उठावासाठी एक पान ठेवा आणि त्यावर पाच रकाने पाडा: संघटना कशी बांधली, शस्त्रे किती आणि कुठून, बाहेरची मदत कोणाची, खबऱ्या कोण, आणि पराभवानंतर काय शिल्लक राहिले. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात. तो भरल्याशिवाय पुढच्या पानावर जाऊ नका, कारण पुढचा उठाव त्यातूनच उगवतो.

पायरी १: तीन प्रवाह वेगळे करा

मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते. टिळकांमुळे ‘होमरूल’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, आणि तो आयर्लंडमधून आला हेही आपण ऐकलेले असते. त्यामुळे होमरूलवाले म्हणजेच आयरिश क्रांतिकारक असा समज होतो. तसे नाही.

पहिला प्रवाह ‘रिपील’वाल्यांचा. १ जानेवारी १८०१ रोजी अमलात आलेल्या युनियन कायद्याने डब्लिनची पार्लमेंट बंद झाली आणि आयर्लंडचे १०० खासदार लंडनला बसू लागले. हा कायदा रद्द करा, राजा मात्र तोच राहू दे, ही डॅनियल ओ’कॉनेलची मागणी. दुसरा प्रवाह होमरूलचा: आयझॅक बटने १८७० मध्ये त्याची सुरुवात केली, पुढे पार्नेलने तो चालवला. साम्राज्यात राहून अंतर्गत कारभाराची पार्लमेंट, एवढेच त्यांचे मागणे. तिसरा प्रवाह प्रजासत्ताकवाद्यांचा: राजा नको, इंग्लंडशी संबंध नको, आणि हे शस्त्राशिवाय मिळणार नाही.

प्रवाह वेगळे असले तरी माणसे या प्रवाहातून त्या प्रवाहात जात होती. बट हा वकील म्हणून फिनियन (१८५८ नंतरच्या गुप्त प्रजासत्ताकवादी संघटनेच्या) कैद्यांच्या बाजूने उभा राहिला होता. म्हणून वहीत माणसापुढे पक्ष लिहिताना साल जरूर लिहा.

पायरी २: १९ वे शतक १७९१ पासून सुरू करा

१८०१ पासून वाचायला बसलात तर १८०३ च्या उठावाचा नेता एमेट कुठून आला ते कळत नाही. ऑक्टोबर १७९१ मध्ये बेलफास्टला ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संस्था स्थापन झाली. फ्रेंच राज्यक्रांतीची हवा होती, आणि संस्थापकांत प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) व्यापाऱ्यांचा मोठा भरणा होता. संस्थापकांपैकी वुल्फ टोन स्वतः अँग्लिकन, म्हणजे सरकारी प्रॉटेस्टंट चर्चचा. कॅथलिक, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन यांनी धर्माची ओळख बाजूला ठेवून ‘आयरिश’ या एका नावाखाली यावे, हा त्याचा आग्रह. सरकारने १७९४ मध्ये संस्था दडपली, तेव्हा ती शपथबद्ध आणि गुप्त झाली. इथे एक साचा तयार झाला: गुप्त शपथ, परदेशी मदत आणि योग्य घटकेची वाट.

डिसेंबर १७९६ मध्ये फ्रान्सने ४३ जहाजांचे आरमार पाठवले. ते बॅन्ट्रीच्या आखातापर्यंत पोचले, पण वादळामुळे सैन्य उतरू शकले नाही. १७९८ मध्ये उठाव पेटला तो मात्र नेत्यांशिवाय, कारण १२ मार्चला लीन्स्टरची समिती बैठकीतच पकडली गेली होती आणि १९ मे रोजी लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्डलाही अटक झाली. वेक्सफर्डचे बंड २१ जूनला विनेगर हिलवर मोडले. जनरल हम्बर्ट सुमारे हजार फ्रेंच सैनिक घेऊन किलालाला उतरला तो २२ ऑगस्टला, म्हणजे मुख्य लढाया संपल्यावर. वहीत या तारखा एकाखाली एक लिहा. मदत, नेतृत्व आणि लोक तीन वेगवेगळ्या वेळी आले, हे लगेच दिसते.

या पानावर दोन नावे मराठी वाचकाच्या ओळखीची निघतील. विनेगर हिलवर सरकारी फौजेचा सेनापती असलेला जनरल लेक हा पाच वर्षांनी दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्या फौजेशी लढलेला तोच लेक. बंडानंतर युनियन कायदा घडवून आणणारा व्हाइसरॉय म्हणजे टिपूविरुद्धच्या युद्धात मराठ्यांच्या जोडीने उतरलेला कॉर्नवॉलिस. दोन देशांचा इतिहास एकाच साम्राज्याच्या चाकरमान्यांनी जोडलेला आहे, आणि हा धागा पकडून वाचले की तारखा लक्षात राहतात.

एक सावधगिरी. टोनचे विचार वाचून १७९८ मध्ये सगळे धर्म खांद्याला खांदा लावून लढले असे लिहू नका. अल्स्टरमधल्या अँट्रिम आणि डाऊन परगण्यांत प्रेस्बिटेरियन लढले हे खरे. पण ५ जूनला वेक्सफर्डमधल्या स्कलाबोग इथे बंडखोरांनी कैद्यांना, ज्यांत बहुसंख्य प्रॉटेस्टंट होते, ठार मारले हेही खरे. दोन्ही नोंदी एकाच पानावर असू द्या.

पायरी ३: एमेटचा उठाव कारागिराच्या नजरेने पाहा

२३ जुलै १८०३ चा डब्लिनचा उठाव भाषणासाठी प्रसिद्ध आहे. नवशिक्याने आधी त्याची तयारी पाहावी. रॉबर्ट एमेटने शहरात शस्त्रांची गुप्त कोठारे उभारली होती. डगल्याखाली लपवता यावेत म्हणून बिजागरीचे, दुमडणारे भाले बनवले होते. अग्निबाणांचे प्रयोग चालू होते. १६ जुलैला पॅट्रिक स्ट्रीटच्या कोठारात स्फोट झाला आणि ठरलेली तारीख अलीकडे ओढावी लागली. किल्डेअरहून आलेली माणसे बंदुका फारशा नाहीत हे पाहून परत गेली. विक्लोची तुकडी आलीच नाही. हातगोळ्यांच्या वाती तयार नव्हत्या. शेवटी थॉमस स्ट्रीटवर जमाव हाताबाहेर गेला आणि त्याने लॉर्ड किलवॉर्डन या न्यायाधीशाला बग्गीतून ओढून मारले.

२० सप्टेंबरला एमेटला फाशी झाली. (डब्लिनमध्ये जन्मलेला आर्थर वेलस्ली तीनच दिवसांनी असईला लढत होता.) ‘माझ्या थडग्यावर कोणी लेख कोरू नये’ हे एमेटचे कोर्टातले भाषण शतकभर घरोघरी म्हटले गेले. पण त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत, आणि त्यांतले शेवटचे परिच्छेद एकमेकांशी जुळत नाहीत. उद्धृत करताना कुठली आवृत्ती ते पाहा.

खबऱ्याच्या रकान्यात इथे लेनर्ड मॅकनॅली हे नाव येईल. तो युनायटेड आयरिशमेनचा वकील होता, एमेटच्या बाजूनेही उभा होता, आणि सगळा वेळ सरकारकडून पैसे घेत होता. १८२० मध्ये तो वारल्यावर हे बाहेर आले. खबऱ्या हा या इतिहासातला किरकोळ खलनायक नव्हे. सरकारकडची निम्मी कागदपत्रे त्याच्यामुळेच तयार झाली आहेत.

पायरी ४: ओ’कॉनेल, दुष्काळ आणि १८४८

हा टप्पा भरभर वाचला तरी चालेल, पण क्रम चुकवू नका. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले. १८४३ मध्ये ओ’कॉनेलने प्रचंड सभा घेतल्या. ८ ऑक्टोबरच्या क्लॉन्टार्फच्या सभेवर सरकारने बंदी घातली आणि त्याने ती मुकाट्याने रद्द केली. ‘द नेशन’ या साप्ताहिकाभोवती जमलेली तरुण मंडळी, म्हणजे ‘यंग आयर्लंड’, १८४६ मध्ये त्याच्यापासून फुटली. वादाचा मुद्दा होता शस्त्राचा मार्ग तत्त्वतः वर्ज्य मानायचा की नाही.

तोवर बटाट्याचे पीक कुजले होते. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१.७५ लाख होती, १८५१ मध्ये ती ६५.५ लाख उरली. सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि तापाने गेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत असे आहेत. पुढच्या अर्धशतकातला अमेरिकन पैसा आणि अमेरिकेत साठलेला संताप यांची मुळे इथेच आहेत.

२९ जुलै १८४८ रोजी टिपररीत बॅलिंगॅरीजवळ विल्यम स्मिथ ओ’ब्रायनच्या माणसांनी विधवा मॅकॉर्मॅकच्या घरात घुसलेल्या चाळीस-पंचेचाळीस पोलिसांना वेढा घातला. घरात तिची मुले होती. उपाशी माणसे, मोजक्या बंदुका, आणि खाजगी मालमत्तेला हात लावायचा नाही असा सरदार घराण्यातल्या नेत्याचा हट्ट. काही तासांत सारे संपले. शिल्लक काय राहिले? थॉमस फ्रान्सिस मारने फ्रान्सहून आणलेला तिरंगा, जॉन मिचेलची हद्दपारीतली दैनंदिनी, आणि बॅलिंगॅरीहून पळून पॅरिसला गेलेला जेम्स स्टीफन्स नावाचा तरुण. पुढचे पान त्याचे आहे.

पायरी ५: फिनियनांवर सर्वांत जास्त वेळ द्या

तुमच्याकडे एकूण सहा आठवडे असतील तर तीन इथे घालवा. १७ मार्च १८५८ रोजी डब्लिनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर स्टीफन्स, थॉमस क्लार्क लुबी आणि काही सोबत्यांनी शपथ घेतली. हीच संघटना पुढे ‘आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड’ म्हणून ओळखली गेली. तिची अमेरिकन बहीण ‘फिनियन ब्रदरहुड’ न्यूयॉर्कमध्ये जॉन ओ’माहनीने चालवली. जुन्या गेलिक दंतकथांतल्या ‘फियाना’ योद्ध्यांवरून हे नाव आले आणि मग दोन्हीकडच्या लोकांना चिकटले. स्टीफन्सने अमेरिकेकडे पहिल्या तीन महिन्यांसाठी दरमहा ८० ते १०० पौंड मागितले होते. पहिले ८० पौंड हातात पडले त्याच दिवशी शपथविधी झाला.

आता रचना. कागदावर काढून पाहिल्याशिवाय ती कळत नाही. एका ‘सर्कल’च्या शिरावर एक ‘अ’, म्हणजे कर्नल. त्याच्याखाली ९ ‘ब’, म्हणजे कॅप्टन. प्रत्येक ‘ब’खाली ९ ‘क’, म्हणजे सार्जंट. प्रत्येक ‘क’खाली ९ ‘ड’, म्हणजे शिपाई. १ + ९ + ८१ + ७२९ मिळून ८२०. प्रत्येकाने फक्त आपल्या लगतच्या वरिष्ठाला ओळखायचे, म्हणजे एक फितला तरी साखळी वाचते. प्रत्यक्षात सर्कलमध्ये कितीतरी जास्त माणसे शिरली, गुत्त्यांत आणि खेळांच्या मैदानांवर सगळे एकमेकांना ओळखू लागले, आणि रचनेतली गुप्तता कागदावरच राहिली.

दुसरी गोम वृत्तपत्राची. नोव्हेंबर १८६३ मध्ये स्टीफन्सने ‘द आयरिश पीपल’ हे साप्ताहिक काढले. लुबी, जॉन ओ’लिअरी आणि चार्ल्स किकहॅम लिहायला, ओ’डोनोव्हन रोसा व्यवस्थापक. गुप्त संघटनेचे सारे मेंदू डब्लिन कॅसलपासून, म्हणजे ब्रिटिश कारभाराच्या मुख्यालयापासून, हाकेच्या अंतरावर एका कचेरीत बसवणे ही चूक होती. कचेरीतलाच पियर्स नेगल हा माणूस पोलिसांना खबर देत होता, आणि १५ सप्टेंबर १८६५ च्या रात्री छापा पडून बहुतेक सगळे सापडले. पण हे पत्र नसते तर संघटना खेड्यापाड्यांत पसरली असती का, हा प्रश्नही विचारा. पैसे, विचार आणि धीर त्याच्यामुळेच पोचत होते. आमच्या मते चूक पत्र काढण्यात नव्हती, तेच मुख्यालय करण्यात होती.

१८६५ हे वर्ष आठवडा-आठवडा वाचा. अमेरिकन यादवी युद्ध संपून लढाईचा अनुभव घेतलेले आयरिश अधिकारी मोकळे झाले होते. संघटनेचा जॉन डेव्हॉय आयर्लंडमधल्या ब्रिटिश पलटणींतल्या शिपायांना शपथा देत होता. स्टीफन्सने याच वर्षी उठावाचे वचन दिले आणि पाळले नाही. त्याला नोव्हेंबरात अटक झाली, २४ तारखेला डेव्हॉय आणि तुरुंगातला नोकर जॉन ब्रेस्लिन यांनी त्याला पळवले, तरीही त्याने उठाव पुढे ढकलला. फेब्रुवारी १८६६ मध्ये हेबियस कॉर्पस (खटल्याविना कैदेपासून संरक्षण देणारा कायदा) तहकूब होऊन शेकडो लोक खटल्याविना आत गेले. अमेरिकेत संघटना दुभंगली आणि एका गटाने थेट कॅनडावर स्वारी केली. २ जून १८६६ ला रिजवेला त्यांनी चकमक जिंकली, पण हाती काही लागले नाही. १८६७ मध्ये जे घडले ते या हुकलेल्या वर्षाचे उरलेसुरले रूप होते.

११ फेब्रुवारी १८६७ ला इंग्लंडमधल्या चेस्टर किल्ल्यातली शस्त्रे लुटायचा बेत कॉरिडन या खबऱ्यामुळे फुटला. ५ मार्चच्या रात्री डब्लिनबाहेर टॅलाला हजारो लोक जमले आणि पोलीस चौकीतल्या १४ शिपायांच्या गोळीबाराने पांगले. त्याच रात्री दुसऱ्या तुकडीने स्टेपासाइड आणि ग्लेनकलनच्या चौक्या घेतल्या. त्यानंतर जोराची बर्फवृष्टी झाली. बर्फाने उठाव बुडाला ही लोकप्रिय समजूत आहे, पण डोंगरात टिकून राहायची आशा तेवढी बर्फाने संपवली. उठाव त्याआधीच बंदुकांच्या टंचाईने आणि फितुरीने मोडला होता.

त्या वेळचा जाहीरनामा जरूर वाचा. त्यात सार्वत्रिक मताधिकार आहे, चर्च आणि राज्य यांची पूर्ण फारकत आहे, आणि शत्रू म्हणून इंग्लिश जनता नाही तर जमीनदार सरदारवर्ग आहे, मग तो इंग्लिश असो की आयरिश. इंग्लिश कामगारांना त्यात साद घातली आहे. फिनियन म्हणजे कॅथलिक पंथाची चळवळ असे मानणाऱ्याने हा कागद पाहावा, आणि सोबत हेही पाहावे की डब्लिनचा कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल कलन याने त्यांना सतत विरोध केला व जानेवारी १८७० मध्ये रोमने त्यांचा नाव घेऊन निषेध केला.

पायरी ६: १८६७ नंतर पुस्तक मिटू नका

१८ सप्टेंबर १८६७ ला मँचेस्टरमध्ये कैद्यांच्या गाडीवर हल्ला करून केली आणि डीझी या फिनियन नेत्यांना सोडवण्यात आले. त्यात सार्जंट ब्रेट ठार झाला. त्यासाठी २३ नोव्हेंबरला अॅलन, लार्किन आणि ओ’ब्रायन (१८४८ चा नव्हे) फासावर गेले. उठावाने जे साधले नव्हते ते या तीन फाशींनी साधले: फिनियनांपासून दूर राहिलेला मध्यमवर्ग आणि पाद्रीही शोकयात्रांत उतरले. लगेच १३ डिसेंबरला एका फिनियन कैद्याला सोडवण्यासाठी लंडनच्या क्लार्कनवेल तुरुंगाची भिंत बंदुकीच्या दारूच्या पिंपाने उडवली गेली. आगाऊ सूचना मिळाल्याने कैद्यांना त्या वेळी अंगणात आणलेच नव्हते, मेले ते समोरच्या गल्लीतले १२ गरीब रहिवासी. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. लोकांची सहानुभूती कशाने मिळते आणि कशाने जाते, यावर संघटनेत पुढे वीस वर्षे वाद झाला.

१८७३ च्या घटनेत संघटनेने ११ जणांचे सर्वोच्च मंडळ ठेवले आणि एक कलम घातले: आयरिश जनतेच्या बहुमताचा कौल मिळेपर्यंत युद्ध सुरू करायचे नाही. या कलमामुळे काही जण जमिनीच्या लढ्याकडे वळले. गिरणीत हात गमावलेला, सात वर्षे तुरुंग भोगलेला मायकेल डॅव्हिट हा फिनियनच, आणि २१ ऑक्टोबर १८७९ ची लँड लीग, म्हणजे जमीनदारांविरुद्धची कुळांची संघटना, मुख्यतः त्याची करणी. पुढच्याच वर्षी मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉटला वाळीत टाकले गेले. दुसरीकडे अमेरिकेतल्या ‘क्लॅन ना गेल’ या आयरिश गुप्त संघटनेने कॅटल्पा हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज पाठवून १७ एप्रिल १८७६ ला ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलमधून सहा कैदी सोडवून आणले. सबंध शतकातली ही सर्वांत नेटकी मोहीम, कारण माहिती मोजक्यांनाच होती. १८८१ ते १८८५ मध्ये डायनामाइटचे स्फोट झाले. ६ मे १८८२ च्या डब्लिनमधल्या फिनिक्स पार्कच्या (दोन बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) हत्या ‘इन्व्हिन्सिबल्स’ या फुटीर टोळीच्या होत्या, त्या ब्रदरहुडच्या खात्यावर लिहू नका.

पायरी ७: कागदपत्रे कशी वाचावीत

प्रत्येक नाव आधी ‘डिक्शनरी ऑफ आयरिश बायोग्राफी’त पाहा, ती ऑनलाइन मोफत आहे. लंडनमधल्या खटल्यांसाठी ओल्ड बेलीच्या कामकाजाचे संकेतस्थळ, पार्लमेंटमधल्या चर्चांसाठी हॅन्सार्ड, कॅटल्पासाठी ऑस्ट्रेलियाचे ‘ट्रोव्ह’, अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’. माऊंटजॉय तुरुंगात काढलेले फिनियन कैद्यांचे फोटो न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने खुले ठेवले आहेत. ते पाहाच. बहुतेक चेहरे कारकून, शिंपी, सुतार, दुकानातले नोकर अशा साध्या माणसांचे आहेत.

खबऱ्याला बातमीचे पैसे मिळत, म्हणून त्याचे अहवाल कट फुगवून सांगतात. नेत्यांना अमेरिकेतून पैसे हवे असत, म्हणून तेही सदस्यसंख्या फुगवत. ब्रिटिश सैन्यात १५,००० फिनियन होते हा डेव्हॉयचा दावा याच जातीचा. तो दावा म्हणूनच लिहा. आठवणींवर लेखनाचे साल टाका: ओ’लिअरीच्या १८९६ मध्ये छापल्या, डेव्हॉयच्या १९२९ मध्ये. स्टीफन्सबद्दलचा दोघांचा कडवटपणा तीस-साठ वर्षे मुरलेला आहे. टोनची दैनंदिनी त्याच्या मुलाने १८२६ मध्ये छापताना काही मजकूर गाळला, म्हणून नवी आवृत्ती घ्या. आणि एखाद्या कागदात पोलिसांना ‘रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी’ म्हटले असेल तर तो १८६७ नंतरचा समजा, कारण ‘रॉयल’ हा किताब त्यांना फिनियनांचा उठाव मोडल्याबद्दलच मिळाला.

वही भरली की १९१६ च्या डब्लिनच्या ईस्टर उठावाचा जाहीरनामा काढा. टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापली त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये तो वाचला गेला. सह्यांत पहिले नाव टॉम क्लार्कचे आहे: डायनामाइट मोहिमेसाठी १८८३ ते १८९८ इंग्लिश तुरुंगात काढलेला माणूस. गेल्या तीनशे वर्षांत आयरिश लोकांनी सहा वेळा शस्त्र उचलले असे त्यात म्हटले आहे, पण ते सहा प्रसंग कोणते हे सांगितलेले नाही. त्यांतले चार तुमच्या वहीत आहेत. उरलेले दोन १७ व्या शतकात शोधायचे आहेत.